टेलव्हीलच्या स्प्रिंगा : लहान विमानांच्या जमिनीवरील नियंत्रणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९०८ ते १९९१)

प्रस्तावना :

विमानविद्येच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी आकाशाकडे पाहून झालेले आहे. राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे उड्डाण, लुई ब्लेरिओ यांनी २५ जुलै १९०९ रोजी विमानातून ओलांडलेली इंग्लिश खाडी, चार्ल्स लिंडबर्ग यांचा १९२७ मधील अटलांटिक प्रवास ही या इतिहासातील सर्वपरिचित स्थानके होत. तथापि प्रत्येक उड्डाणाचा आरंभ जमिनीवर होतो आणि शेवटही जमिनीवरच होतो. उडण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर विमानाने सरळ रेषेत कसे धावावे, हा प्रश्न उड्डाणाइतकाच जुना असूनही इतिहासलेखनात त्याला तळटिपेपलीकडे स्थान मिळालेले दिसत नाही.

लहान विमानांच्या शेपटीखाली असलेले छोटे चाक आणि त्या चाकाला सुकाणूशी, म्हणजे रडरशी, जोडणाऱ्या दोन स्प्रिंगा हा या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे. हाताच्या पंजात मावतील एवढ्या या स्प्रिंगा किती ताणाव्यात, किती सैल ठेवाव्यात यावर उतरणारे विमान सरळ धावेल की गिरकी घेऊन कलंडेल, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. ही जुळवणी कारखान्यातील अभियंत्याकडून सुरू होते. परंतु तिचे खरे जतन हँगरमध्ये काम करणाऱ्या मेकॅनिकच्या हातात झाले. या छोट्या सुट्या भागाच्या निमित्ताने यंत्र, जमीन आणि मानवी कौशल्य यांच्या परस्परसंबंधाचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) शेपटीखालील घसरदांड्यापासून स्प्रिंगने वळणाऱ्या चाकापर्यंत झालेल्या बदलाची कारणे शोधणे.
२) टेलव्हीलच्या स्प्रिंगांची रचना, कार्य व जुळवणीची तत्त्वे स्पष्ट करणे.
३) दुसऱ्या महायुद्धानंतर या रचनेची झालेली पीछेहाट आणि तरीही तिचे टिकून राहणे यांची मीमांसा करणे.
४) भारतीय, विशेषतः महाराष्ट्राशी निगडित संदर्भ तपासणे.

घसरदांड्याचा काळ :

आरंभीच्या विमानांची जमिनीवर उभे राहण्याची व्यवस्था एकसारखी नव्हती. अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांच्या १९०८ मधील 'जून बग' या विमानाला तीन चाके होती आणि त्यांपैकी एक पुढे होते. ब्लेरिओ यांच्या विमानाला पुढे दोन चाके आणि मागे एक लहान चाक होते. म्हणजेच नंतर एकमेकांच्या स्पर्धक ठरलेल्या दोन्ही रचना विमानविद्येच्या पहिल्या दशकातच अस्तित्वात आल्या होत्या. त्यांपैकी पुढे दोन चाके आणि मागे आधार ही रचना पुढील तीन दशके प्रबळ ठरली. खडबडीत मैदानावर नाकाखालचे नाजूक चाक मोडण्याची भीती होती. शेपूट खाली आणि नाक वर असल्याने पंख्याच्या पात्यांना जमिनीपासून अधिक अंतर मिळत असे. शिवाय ही रचना वजनाने हलकी होती.

मागचा आधार म्हणजे प्रारंभी बहुतेक विमानांत चाक नव्हतेच. लाकडाचा किंवा पोलादाचा एक दांडा, ज्याला 'टेल-स्किड' म्हणत, जमिनीला टेकवलेला असे. पहिल्या महायुद्धातील बहुसंख्य विमाने अशाच घसरदांड्यावर उभी होती. गवताळ मैदानावर हा दांडा नांगराच्या फाळासारखा मातीत रुते. त्यामुळे दोन कामे आपोआप साधत. विमानाचा वेग कमी होई, कारण त्या काळी चाकांना ब्रेक नसत. आणि शेपूट मागे खेचले जात असल्यामुळे विमानाची दिशा सरळ राही. काही विमानांत हा दांडा सुकाणूबरोबर थोडाफार वळवण्याची सोयही केलेली होती. एरवी जमिनीवर वळण्यासाठी वैमानिक इंजिनाला जोर देऊन पंख्याचा वारा सुकाणूवर सोडत असे, किंवा मैदानावरील माणसे पंखांची टोके धरून विमान फिरवीत असत.

या व्यवस्थेमागे एक महत्त्वाचे गृहीत होते, ते म्हणजे मैदान. त्या काळचा विमानतळ म्हणजे चहूबाजूंनी मोकळे गवताळ माळरान असे. वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेला तोंड करून वैमानिक उड्डाण करी व उतरे. आडव्या वाऱ्याशी झुंजण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई. घसरदांडा यशस्वी ठरला तो केवळ स्वतःच्या गुणांमुळे नव्हे. मऊ माती आणि दिशेचे स्वातंत्र्य या दोन गोष्टींनी त्याचे निम्मे काम केलेले होते.

मैदानापासून धावपट्टीपर्यंत :

१९३० च्या दशकात हे गृहीत मोडीत निघू लागले. विमाने जड झाली, त्यांचा वेग वाढला आणि पावसाळ्यात चिखल होणारी मैदाने अपुरी पडू लागली. डांबराच्या व काँक्रीटच्या धावपट्ट्या बांधल्या जाऊ लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. कठीण पृष्ठभागावर घसरदांडा रुतत नाही; तो घासला जातो आणि भरकटतो. त्याचा ब्रेक म्हणून उपयोग संपतो आणि दिशा राखण्याचा गुणही नाहीसा होतो. ब्रिटिश 'स्पिटफायर' लढाऊ विमानाचा १९३६ मधील पहिला नमुना घसरदांड्यासह तयार झाला होता. प्रत्यक्ष उत्पादनात मात्र त्याला शेपटीचे चाक बसविण्यात आले. बदलाचा वेग किती होता याचा हा बोलका पुरावा होय.

धावपट्टीने दुसराही एक बदल घडविला. मैदानाला दिशा नसते, धावपट्टीला ती असते. वारा कोठूनही येवो, वैमानिकाला आखून दिलेल्या अरुंद पट्टीवरच उतरावे लागते. त्यामुळे आडवा वारा हा अपवाद न राहता नित्याचा अनुभव झाला.

दांडा गेल्यावर वेग आवरण्यासाठी चाकांना ब्रेक आवश्यक झाले. ब्रेक लावताच विमान नाकावर पालथे होण्याचा धोका निर्माण झाला आणि तो टाळण्यासाठी मुख्य चाके आणखी पुढे सरकवावी लागली. कॅनडात तयार झालेल्या 'टायगर मॉथ' विमानाच्या डीएच-८२सी या आवृत्तीत ही सारी साखळी एकत्र पाहावयास मिळते. मूळ ब्रिटिश टायगर मॉथला घसरदांडा होता आणि ब्रेक नव्हते. कॅनडियन आवृत्तीत शेपटीचे चाक आले, ब्रेक आले आणि त्याबरोबर मुख्य चाकांचे पाय पुढे झुकविण्यात आले.

मुख्य चाके पुढे गेली की विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या तुलनेने अधिक मागे पडतो. याचा परिणाम समजण्यासाठी उसाच्या ट्रॅक्टरचे उदाहरण घेता येईल. ट्रॅक्टर ट्रॉलीला पुढे ओढत असतो तेव्हा ती निमूटपणे सरळ मागे येते. तीच ट्रॉली मागे ढकलताना थोडासा तिरपेपणा आला तरी तो वाढत जातो आणि ट्रॉली मुडपते. शेपटीच्या चाकाचे विमान जमिनीवर धावते तेव्हा त्याची स्थिती ढकलल्या जाणाऱ्या ट्रॉलीसारखी असते. वजन चाकांच्या मागे असल्यामुळे किंचित वाकडेपणा आला की मागील वजन त्याला अधिकच वळवू पाहते. वेळीच आवर घातला नाही तर विमान गर्रकन फिरते, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो आणि पुष्कळदा चाकाचा पाय मोडतो. यालाच वैमानिक 'ग्राउंड लूप' म्हणतात. मऊ मातीत रुतणारा दांडा या वृत्तीला लगाम घालत होता. कठीण धावपट्टीवर तो लगाम सुटला आणि नवा लगाम शोधणे भाग पडले.

तीन उत्तरे :

या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर मुक्तपणे फिरणाऱ्या चाकाचे. हातगाडीच्या मागच्या चाकाप्रमाणे ते कोणत्याही दिशेला वळे आणि वैमानिक डाव्या-उजव्या ब्रेकच्या कमी-अधिक वापराने विमान वळवी. स्पिटफायरमध्ये हीच पद्धत होती. दुसरे उत्तर चाकाला सरळ स्थितीत कुलूप लावण्याचे. डिसेंबर १९३५ मध्ये प्रथम उडालेल्या डग्लस डीसी-३ या प्रवासी विमानात उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी शेपटीचे चाक असे जखडता येई. तिसरे उत्तर चाकाला सुकाणूशी जोडण्याचे. वैमानिकाने पायाने सुकाणू वळवले की त्याबरोबर चाकही वळावे, अशी ही योजना होती. अमेरिकन 'पी-५१ मस्टँग' या लढाऊ विमानात दोन पद्धतींचा मेळ घातलेला होता. नियंत्रणदांडा मागे ओढून धरला असता चाक सुकाणूबरोबर दोन्ही बाजूंना सुमारे ६ अंश वळे. दांडा पुढे ढकलला की ते मोकळे होई.

मोठ्या व लढाऊ विमानांना कुलपांची आणि गुंतागुंतीच्या जोडण्यांची किंमत परवडत होती. काही शे किलो वजनाच्या आणि मध्यमवर्गीय ग्राहकासाठी बांधलेल्या छोट्या विमानाला ती परवडणारी नव्हती. तेथे हे काम दोन साखळ्या आणि दोन स्प्रिंगा यांच्यावर आले.

इ. स. १९३७ : एका वर्षातील दोन मार्ग :

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सी. जी. टेलर आणि विल्यम पायपर यांच्या उद्योगातून 'कब' या विमानाची परंपरा सुरू झाली. १९३० मधील पहिल्या कबला आणि त्यानंतरच्या जे-२ या आवृत्तीला घसरदांडाच होता. मार्च १९३७ मध्ये ब्रॅडफर्ड येथील कारखाना आगीत भस्मसात झाला आणि पायपर यांनी उद्योग लॉक हेवन येथे हलविला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जे-३ कब प्रथम उडाले. या विमानात जे-२ च्या शेपटीखालील पाट्याची स्प्रिंग कायम ठेवून तिच्या टोकाला वळणारे चाक बसविण्यात आले आणि ते चाक हलक्या साखळ्या व स्प्रिंगा यांच्या साहाय्याने सुकाणूच्या तळाशी असलेल्या दुहेरी शिंगाला जोडण्यात आले. जुना दांडा टाकून दिला गेला नाही, त्याच्याच टोकाला चाक आले, ही बाब तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. नवे बहुधा जुन्याच्या खांद्यावर बसून येते.

जे-३ कबची सुमारे २०,००० विमाने तयार झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर अमेरिकन सरकारने सुरू केलेल्या नागरी वैमानिक प्रशिक्षण कार्यक्रमात १९४४ पर्यंत ४,३५,००० हून अधिक व्यक्तींना प्रशिक्षण मिळाले आणि त्या प्रशिक्षणात कब विमानाचा वाटा फार मोठा होता. एवढ्या मोठ्या संख्येने नवशिके विद्यार्थी ज्या यंत्रावर शिकले, त्याची जमिनीवरील दिशा दोन छोट्या स्प्रिंगांवर सोपविलेली होती.

याच १९३७ मध्ये अमेरिकेतच 'एरकूप' हे विमानही प्रथम उडाले. त्याचे रचनाकार फ्रेड वाइक यांनी १९३४ मध्ये डब्ल्यू-१ या प्रायोगिक विमानात नाकाखालच्या चाकाचा प्रयोग केला होता. चाक पुढे आणि मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे ठेवली की ट्रॉली ढकलली न जाता ओढली जाते, आणि वाकडेपणा आपोआप सरळ होतो. कबने शेपटीच्या चाकाचा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. एरकूपने तो प्रश्नच उद्भवू दिला नाही. एकाच वर्षी, एकाच देशात ही दोन उत्तरे समोर आली होती.

स्प्रिंगांची रचना व जुळवणी :

सुकाणूच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक बाहू असतो आणि चाकाच्या मानेलाही तसेच दोन बाहू असतात. डाव्याला डावा व उजव्याला उजवा असे ते साखळीने जोडलेले असतात आणि प्रत्येक साखळीत एक स्प्रिंग असते. जोडणी थेट पोलादी सळईने का केली नाही, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर असे की, हवेत सुकाणू जितके वळवावे लागते तितके चाक जमिनीवर वळणे इष्ट नसते. शिवाय दगडावर किंवा खड्ड्यात चाकाला बसलेला हिसका सळईमधून थेट सुकाणूवर व वैमानिकाच्या पायावर आला असता. स्प्रिंग ताणली जाते, हिसका गिळते आणि सुकाणूला चाकापेक्षा थोडे अधिक वळण्याची मोकळीक देते. ती आज्ञा पोहोचविते, परंतु जबरदस्ती करीत नाही.

स्प्रिंगांचे दोन प्रकार प्रचलित झाले. साधी ताणस्प्रिंग ओढली की लांबते. ती तुटली तर त्या बाजूचा संबंधच तुटतो. दुसऱ्या प्रकारात तारेचे दोन लांबट आकडे स्प्रिंगच्या आतून विरुद्ध दिशांनी ओवलेले असतात, त्यामुळे ओढ बसली की स्प्रिंग दाबली जाते. अशी स्प्रिंग तुटली तरी आकडे एकमेकांत अडकून राहतात आणि चाक सुकाणूशी जोडलेले राहते. अमेरिकेत 'स्कॉट' आणि 'मॉल' ही नावे शेपटीच्या चाकांशी कायमची जोडली गेली. बी. डी. मॉल यांनी १९४१ मध्ये आपला उद्योग उभारला व त्यात शेपटीची चाके तयार केली. पूर्ण विमानांच्या उत्पादनाकडे ते नंतर वळले. काही जोड्यांत डावी व उजवी स्प्रिंग मुद्दाम असमान ताठपणाच्या ठेवल्या जातात. दोन्ही बाजू एकसारख्या असल्या तर चाकाची थरथर त्यांच्या नैसर्गिक लयीशी जुळून वाढत जाण्याची शक्यता असते. असमानता ती लय मोडते. सममिती हा यंत्राचा गुण मानला जातो, परंतु येथे असममितीच स्थैर्य देते.

अनेक चाकांच्या मानेत एक खटकाही असतो. ठरावीक कोनापर्यंत चाक सुकाणूच्या आज्ञेत राहते. त्यापलीकडे वळवल्यास खटका सुटतो आणि चाक मुक्तपणे फिरते. अरुंद जागेत विमान वळविण्यासाठी किंवा हाताने मागे ढकलण्यासाठी ही सोय लागते.

जुळवणीचे मूलतत्त्व सांगण्यास सोपे व आचरण्यास अवघड आहे. विमान सपाट जमिनीवर स्वतःच्या वजनाने उभे असावे, सुकाणू व चाक दोन्ही सरळ असावेत आणि अशा स्थितीत साखळ्या लोंबू नयेत तशाच तारेसारख्या ताठही असू नयेत. नेमके किती, याबाबत प्रत्येक विमानाच्या निर्मात्याची सूचना हाच पहिला आधार होय. साखळी सैल राहिली तर वैमानिकाने पाय दाबल्यानंतर चाक वळण्यास क्षणभर उशीर होतो. त्या क्षणात वाकडेपणा वाढतो, वैमानिक अधिक जोराने पाय दाबतो, आणि मग चाक एकदम व गरजेपेक्षा जास्त वळते. उलट साखळी फार ताठ असेल तर सुकाणूचा प्रत्येक कोन चाकावर लादला जातो. आडव्या वाऱ्यात उतरताना सुकाणू एका बाजूला दाबून धरलेले असते. अशा वेळी तिरपे झालेले चाक जमिनीला लागताच विमानाला झटका देते. अतिताणामुळे खटका व बाहू यांची झीजही लवकर होते.

यात आणखी एक गुंता आहे. साखळीची लांबी जमिनीवर ठरविली जाते, पण शेपूट उचलले की पाट्याची स्प्रिंग मोकळी होते आणि चाक व सुकाणू यांच्यातील अंतर बदलते. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने ट्रकचे पाटे बसतात तसा हा पाटाही बसतो. मग चाकाच्या किंगपिनचा कल बदलतो, चाक थरथरू लागते, आणि दोष स्प्रिंगांचा समजून त्या विनाकारण आवळल्या जातात. म्हणून जाणकार मेकॅनिक आधी पाटा पाहतो, मग किंगपिनचा कल, मग मानेतील ढिलेपणा व झीज, आणि शेवटी साखळीच्या कड्यांना हात घालतो. त्यानंतर शेपूट आधारावर उचलून चाक दोन्ही बाजूंना फिरवून पाहतो. खटका दोन्हीकडे सुटतो व पुन्हा बसतो ना, आणि सुकाणू पूर्ण वळताना साखळी आड येत नाही ना, याची तो खात्री करतो. हे ज्ञान पुस्तिकेत सूत्ररूपाने असते. त्याचा विस्तार मात्र हातातून हातात, गुरूकडून शिष्याकडे जात राहिला.

तीन चाकांचा विजय आणि त्याची मर्यादा :

महायुद्धानंतर लहान विमानांचे ग्राहक बदलले. विमान मोटारीइतके सोपे असावे अशी अपेक्षा निर्माण झाली. पायपर कंपनीने १९५० मधील 'पेसर' या शेपटीचाकी विमानापाठोपाठ १९५१ मध्ये नाकाखाली चाक असलेले 'ट्राय-पेसर' बाजारात आणले. सेसना कंपनीचे १७० हे विमान शेपटीच्या चाकाचे होते. त्याच्यापासून विकसित झालेले १७२ हे १९५५ मध्ये प्रथम उडाले, त्याला पुढे चाक होते आणि ते जगातील सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान ठरले. नव्या रचनेची जाहिरात कंपनीने 'लँड-ओ-मॅटिक' या नावाने केली. जमिनीवर उतरणे जणू आपोआप घडते, असे आश्वासन त्या नावातच होते.

हा विजय खरा होता. नवशिक्या वैमानिकांसाठी जमीन अधिक सुरक्षित झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याबरोबर पायांचे एक कौशल्य विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमातून आणि जुळवणीचे एक कौशल्य हँगरमधून मागे पडू लागले. याची अधिकृत नोंद अमेरिकन नियमावलीत उमटली. शेपटीचाकी विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून उड्डाण करण्यास स्वतंत्र प्रशिक्षण व प्रशिक्षकाची लेखी नोंद आवश्यक ठरली आणि १५ एप्रिल १९९१ पूर्वी अशा विमानाचा अनुभव असलेल्यांना त्यातून सूट मिळाली. एका पिढीला जे सर्वसाधारण होते ते पुढील पिढीला विशेष पात्रता ठरले, याची तारीखवार नोंद क्वचितच एवढी स्पष्ट सापडते.

तथापि शेपटीचे चाक नाहीसे झाले नाही. अलास्कातील नदीकाठची वाळू, शेतातील कच्च्या पट्ट्या, हवाई कसरती व पीकफवारणी येथे ते टिकून राहिले. याबाबतीत सर्वांत बोलके उदाहरण फ्रेड वाइक यांचेच आहे. नाकाखालच्या चाकाचा पुरस्कार करणाऱ्या या अभियंत्याने १९५० मधील एजी-१ आणि नंतर पायपरचे 'पॉनी' ही पीकफवारणीची विमाने शेपटीच्या चाकाची तयार केली. खडबडीत शेतात, रसायनाचे ओझे घेऊन, दिवसातून अनेकदा उतरणाऱ्या यंत्रासाठी त्यांना जुनी रचनाच योग्य वाटली. यावरून कोणतीही रचना निरपेक्षपणे मागासलेली नसते, ती ज्या जमिनीसाठी आहे त्या जमिनीच्या संदर्भातच तिचे मूल्यमापन करावे लागते, हे स्पष्ट होते.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ :

भारतातही जमिनीनेच यंत्राची रचना ठरविली. मुंबईतील जुहू येथे १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याच काळात स्थापन झालेल्या फ्लाइंग क्लबमध्ये घसरदांड्याच्या 'मॉथ' विमानांवर वैमानिक घडू लागले. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मॉथ कुळातीलच 'पस मॉथ' विमान जुहूला उतरविले. त्या वेळचे जुहू म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाटी होती आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली गेली की टपालसेवा पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर हलवावी लागे. भारतीय हवाई वाहतुकीचा हा आरंभ काँक्रीटच्या धावपट्टीवर झालेला नाही, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर याच कारखान्यात एचटी-२ हे प्राथमिक प्रशिक्षण विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. त्याच्या आरेखनाचे नेतृत्व डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केले. कोल्हापूर परिसरात जन्मलेले व जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकलेले घाटगे हे भारतीय विमान-आरेखनाचे एक आद्य प्रवर्तक होत. एचटी-२ शेपटीच्या चाकाचे होते आणि वायुसेनेच्या अनेक तुकड्यांतील वैमानिकांनी जमिनीवरील पहिले धडे त्याच्यावर गिरविले.

नागरी क्षेत्रात २८ सप्टेंबर १९५८ रोजी 'पुष्पक' हे दोन आसनी विमान प्रथम उडाले. अमेरिकन एरॉन्का चीफ विमानाशी साधर्म्य असलेल्या या विमानाच्या सुमारे १६० प्रती तयार झाल्या आणि त्या देशभरातील फ्लाइंग क्लबांत वापरल्या गेल्या. घसरदांड्याच्या टायगर मॉथनंतर आलेले पुष्पक शेपटीच्या चाकाचे होते. १९७२ मध्ये सुधारित स्वरूपात उडालेले 'बसंत' हे पीकफवारणीचे विमानही शेपटीचाकीच होते. वाइक यांनी अमेरिकेत केलेली निवड येथेही झाली होती. वायुसेनेच्या प्रशिक्षणात मात्र १९७७ मध्ये प्रथम उडालेल्या एचपीटी-३२ या नाकाखाली चाक असलेल्या विमानाने पुढे एचटी-२ ची जागा घेतली. घसरदांडा, शेपटीचे चाक व नाकाखालचे चाक हा जो क्रम पाश्चात्त्य देशांत दिसतो, तोच थोड्या कालांतराने भारतातही दिसतो.

या भारतीय इतिहासात घाटगे यांचे नाव सन्मानाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि एचटी-२ किंवा पुष्पक रोज सकाळी उड्डाणयोग्य ठेवणाऱ्या, साखळीचे एक कडे कमी करावे की नाही याचा निर्णय घेणाऱ्या मेकॅनिकांच्या ज्ञानाला या इतिहासात स्थान मिळालेले नाही. आरेखनाचे कागद अभिलेखागारात राहतात; हाताचे कसब माणसाबरोबर निवृत्त होते. ज्या पिढीने भारतीय क्लबांत ही चाके जुळविली ती आता वयोवृद्ध झाली आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्यांच्या आठवणी नोंदविल्या नाहीत, तर तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एक संपूर्ण थर कायमचा पुसला जाईल.

निष्कर्ष :

१) घसरदांड्याचा अस्त केवळ चांगले यंत्र सापडले म्हणून झाला नाही. मऊ मैदानाच्या जागी कठीण व दिशाबद्ध धावपट्टी आली, हे त्याचे मूळ कारण होय.
२) ब्रेक, पुढे सरकलेली मुख्य चाके आणि शेपटीच्या चाकाचे नियंत्रण ही एकाच कारणपरंपरेतील पावले होत. एका प्रश्नाचे उत्तर पुढील प्रश्नाला जन्म देते, हे तंत्रज्ञानाचे सामान्य सूत्र येथे प्रत्ययास येते.
३) टेलव्हीलची स्प्रिंग हा सक्ती व मोकळीक यांच्यातील समतोल आहे. फार आवळले तर यंत्र झटका देते, फार सोडले तर ते भरकटते. तो समतोल प्रत्येक विमानाच्या झिजेनुसार पुन्हा पुन्हा साधावा लागतो.
४) नाकाखालच्या चाकाने हा प्रश्न सोडविण्याऐवजी बाजूला सारला. त्यातून सुरक्षितता वाढली आणि एक कौशल्य दुर्मीळ झाले. या दोन्ही गोष्टींची नोंद एकत्रच घेतली पाहिजे.
५) भारतीय विमानविद्येच्या इतिहासात आरेखनकार व वैमानिक यांच्याबरोबर मेकॅनिकचे ज्ञान हेही इतिहासाचे साधन मानले जाणे आवश्यक आहे. आकाशातील पराक्रमाची नोंद पुष्कळ झाली. ज्या हातांनी तो पराक्रम सुखरूप जमिनीवर आणला, त्या हातांची नोंद अद्याप व्हावयाची आहे.